टेकडीवर बांधलेल्या गाई

९ मार्च, रविवार

बोरिवलीच्या स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, एक वही कर. पप्पा दिवसभरात कुठला शब्द बोलले, किती वाजता, तेव्हा समोर काय होतं, ते लिहीत जा. म्हणून ही वही.

आजचे शब्द: 'नाय' (मोजले नाहीत, खूप). 'साला' (एकदा, अगदी स्पष्ट, मी पेजेत मीठ विसरले तेव्हा). 'रोजी' (एकदा, सकाळी, गोठ्याकडे बघून).

टिपून ठेवायची मला सवय आहे. अंधेरीच्या स्टुडिओत अकरा वर्षं तेच करतेय. कालच्या सीनमध्ये हिरोइनच्या हातात बांगड्या किती होत्या, कप अर्धा होता की भरलेला, केस कुठल्या खांद्यावर होते, सगळं लिहायचं, म्हणजे उद्याच्या शूटला गडबड होत नाही. किम्बर्लीच्या नजरेतून काही सुटत नाही, असं सगळे म्हणतात. जूनपर्यंत सुट्टी घेतलीय.

पप्पांना जानेवारीत स्ट्रोक आला. उजवा हात गेला, पाय फरफटतो आणि बोलणं गेलं. समजतं मात्र सगळं, असं डॉक्टर म्हणतात. मम्मी जाऊन सहा वर्षं झाली. मनोरीच्या या घरात आता पप्पा, मी आणि तीन गाई. रोजी पांढरी, पाठीवर थोडे तांबडे ठिपके. काजल नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत काळीकुट्ट. आणि टिकली, रोजीची कालवड, दीड वर्षाची, तांबडी.

गाईंचं मला काही येत नाही. शुक्रवारी त्यांना खाडीकडच्या खाचरांत चरायला नेत होते, पप्पा नेतात तसंच. वाटेत रोजी आणि काजल शेजारच्या शकुमावशीच्या वाडीत घुसल्या आणि पालकाचे दोन वाफे साफ. शकुमावशी कमरेवर हात ठेवून ओरडली, "चाळीस वर्षं जॉनीदादा याच वाटेने गाई नेतो, माझं एक पान गेलं नाय. तुला झेपत नाय तर कशाला घेतेस गं?" मी म्हटलं, "पालकासाठी एवढं बोलतेस? माझा बाप आडवा पडलाय, तो दिसत नाही तुला?" ती पाठ फिरवून वाडीत निघून गेली. ती जानेवारीत दहा दिवस आमच्याकडे जेवण पाठवत होती, हे मला घरी आल्यावर आठवलं.

म्हणून आजपासून गाई टेकडीवर. घरामागेच आहे, शकुमावशीच्या वाडीवरून जायला नको. खाली सगळं गवत सुकलंय, पण वर छातीएवढी झुडपं हिरवीगार उभी आहेत. फुलांनी भरलेली, एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी. शाळेत असताना ती फुलं तोडून आम्ही देठाकडून मध चोखायचो. रोजी आणि काजल मला आवरत नाहीत, म्हणून त्यांना खुंटे ठोकून दाव्याने बांधलं. टिकली आईला सोडून जात नाही, ती मोकळीच. झकास सोय झाली.

१० मार्च, सोमवार

नवीन शब्द! 'घाण.' संध्याकाळी सहा वाजता, गाई टेकडीवरून उतरल्या तेव्हा. पप्पा ओट्यावर बसले होते. काजलच्या शिंगात फुलांचा एक गुच्छ अडकला होता, इतकी गोड दिसत होती की मी फोटो काढला. पप्पांनी डावा हात तिच्याकडे केला आणि म्हणाले, 'घाण. घाण.'

थेरपिस्टना लगेच व्हॉइस मेसेज पाठवला. त्यांनी टाळ्या पाठवल्या.

गोठा खरंच घाण होता. उद्या धुते.

१२ मार्च, बुधवार

'घाण' चौदा वेळा. काल गोठा धुतला, आज फिनाइल टाकून परत धुतला. पप्पांना धरून नेलं आणि दाखवलं, "बघ, चकाचक." त्यांनी काठी आपटली. 'नाय. नाय. घाण.' मग गव्हाण घासली, पाण्याचं टाकं घासलं. तरी तेच.

दूध कमी झालंय. रोजीने पेंड अर्धी टाकली. फिनाइलचा वास आवडला नसेल.

सकाळी गाई बांधून येताना शकुमावशी टेकडीखाली उभी होती, डोक्यावर रिकामी टोपली, वर बघत. मला बघून तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी फोन कानाला लावला आणि तशीच पुढे गेले. फोनवर कोणी नव्हतं.

१५ मार्च, शनिवार

रोजीचं नाक गुलाबी झालंय आणि त्यावरची साल निघतेय, माणसाचे ओठ फुटावेत तसं. डोळ्यांतून पाणी. टेकडीवर दाव्याला ताण देऊन, मान लांब करून, एका खुरट्या झाडाच्या सावलीत फक्त तोंड घालून उभी होती. नेटवर वाचलं, पांढऱ्या जनावरांना ऊन बाधतं. खोबरेल तेल लावलं. शेणसुद्धा कडक पडतंय, वाटोळे गोळे, वर बुळबुळीत पडदा. पाणी कमी पीत असेल.

काजलचं बरं आहे. तिची काही तक्रारच नाही. एका जागी शांत उभी असते.

पप्पांनी आज गोठ्याच्या दारातून रोजीचं नाक पाहिलं आणि रडायला लागले. 'घाण. घाण.' मी ओरडले. "पप्पा, पाच वेळा धुतला गोठा! अजून काय घाण आहे? माझे हात बघ, कातडी गेली धुऊन धुऊन!" त्यांनी माझे हात बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

लेंटचे उपवासाचे दिवस चालू आहेत, रागावर ताबा ठेवीन असं ठरवलं होतं. दहा दिवसही निभलं नाही.

१६ मार्च, रविवार

चर्चहून आल्यावर थेरपिस्टना फोन केला. त्या म्हणाल्या, स्ट्रोकनंतर पेशंट एखाद्या शब्दात अडकतो, त्याला सगळ्यासाठी तोच शब्द येतो. त्यावर फार लक्ष देऊ नका, दुसरीकडे वळवा. म्हणून आज पप्पांना चित्रांची कार्डं दाखवली. कप, छत्री, बोट, गाय. गाईचं कार्ड त्यांनी डाव्या हातात घट्ट धरून ठेवलं, परत देईनात. 'घाण.' मी कार्ड काढून घेतलं आणि छत्रीचं दिलं.

१७ मार्च, सोमवार

रोजीची वाट लागलीय. पाठीवर जिथे जिथे पांढरं आहे तिथे कातडी सुजून कडक झालीय, हात लावला की तडकते. तांबड्या ठिपक्यांवर काही नाही. तोंडातून लाळ. भाईंदरला जनावरांच्या औषधांचं दुकान आहे, तिथल्या माणसाला फोटो पाठवले. तो म्हणाला, लाळ्या-खुरकूत दिसतंय, बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, मोकळ्या हवेत, उन्हात.

रोजीला अंगणात नारळाला बांधलं, जिथे दिवसभर ऊन असतं. काजल आणि टिकलीला लागण नको, म्हणून त्यांना टेकडीवर सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत ठेवलं.

दुपारी मी आत भात शिजवत होते आणि बाहेर धपकन आवाज झाला. पप्पा ओट्यावरून उतरून नारळापर्यंत गेले होते. एकट्याने, काठी टाकून. डाव्या हाताने रोजीचं दावं सोडायला बघत होते, तिथेच पडले. कोपर फुटलं. रोजी त्यांच्या अंगावर सावली धरून उभी. मी त्यांना उचलताना ते दावं सोडेनात. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

कोपर बांधलं. मग आत जाऊन बसले. कोणाला विचारू? त्यांना सगळं समजतं म्हणतात. मला वाटत नाही आता.

१९ मार्च, बुधवार

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात तीनदा फोन. डॉक्टर लसीकरणाच्या कॅम्पला गेल्यात. उद्या येतील.

रोजी काही खात नाही. काजलनेही आज रवंथ केला नाही असं वाटलं. नक्की सांगता येत नाही, मी बघत नव्हते.

शब्द: एकही नाही.

२० मार्च, गुरुवार

डॉ. नीला सावे साडेदहाला आल्या, मार्वेच्या फेरीबोटीने, स्कूटरसकट. माझ्याच वयाच्या असतील. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाल्या, "हिला आधी उन्हातून आत घ्या. आत्ता. काळोख करा."

"पण ते दुकानवाले म्हणाले..."

"आधी आत घ्या, मग बोलू."

गोठ्यात नेल्यावर त्यांनी रोजीचं तोंड उघडून जीभ बघितली, खुरं बघितली. "लाळ्या-खुरकूत असता तर इथे फोड दिसले असते, खुरांमध्येही. काही नाही." मग बोटाने रोजीची खालची पापणी ओढली आणि मला जवळ बोलावलं. पापणीच्या आत हळद भरल्यासारखं पिवळं. हिरड्याही तशाच. "कावीळ आहे. लिव्हर गेलंय. लिव्हर बिघडलं की काही पदार्थ रक्तात साठतात, आणि जिथे कातडी पांढरी असते तिथे ऊन लागलं की ती भाजून निघते. चरतात कुठे?"

मी टेकडीवर घेऊन गेले. काजल आणि टिकली तिथेच होत्या. चढ चढून वर पोचल्यावर डॉक्टर थांबल्या. मला वाटलं, धाप लागली. त्या खुंट्याकडे बघत होत्या. दाव्याच्या लांबीएवढं एक गोल वर्तुळ, त्यातल्या झुडपांना पान राहिलं नव्हतं, नुसत्या काटक्या. रोजीच्या जुन्या खुंट्याभोवती तसंच. रोज दोन वेळा मी तिथे जात होते. गवत चांगलं संपवतात, एवढंच मनात आलं होतं.

डॉक्टरांनी एक पान तोडलं, चुरगळून माझ्या नाकापुढे धरलं. उग्र वास. "ओळखता हे?"

"फुलं माहीत आहेत. नाव नाही."

"घाणेरी," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले. डॉक्टरांना वाटलं चक्कर आली, त्यांनी बाटली पुढे केली. मी त्यांना सांगितलं, माझा बाप दहा दिवस मला हेच सांगतोय. अर्धा शब्द येत होता त्याला. मी गोठा धूत होते.

त्या माझ्या शेजारी उकिडव्या बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, "मोकळं जनावर सहसा याला तोंड लावत नाही. पण बांधलेलं काय करणार? भूक लागली की खातं. ही छोटी मोकळी होती ना? म्हणून ही धडधाकट." टिकली तेव्हा खाली कुठेतरी सुकं गवत ओढत होती.

"म्हणजे फक्त रोजीलाच झालंय. काजलला काही नाही," मी म्हटलं.

डॉक्टरांनी काजलचं डोकं काखेत धरलं आणि पापणी ओढली. रोजीपेक्षा पिवळी. नारिंगीकडे झुकलेली.

"हिची जास्त आहे."

"पण हिला एक फोड नाही! नाक बघा, पाठ बघा."

"कातडी काळी आहे, म्हणून ऊन बाधलं नाही. विष तेच. आणि रोजीला तुम्ही सोमवारी खाली नेलंत. ही अजून चरतेय."

मी विचारलं, इंजेक्शन काय द्यायचं. त्या म्हणाल्या, याला उतारा नाही. पोटात जे आहे ते तिथेच कुजत राहतं आणि थोडं थोडं विष सोडत राहतं. कोळशाची भुकटी भरपूर पाण्यात कालवून नळीने पोटात घालायची, ती जमेल तेवढं शोषून घेते. सलाइन, लिव्हरचं औषध, काळोख. "पहिल्या दोन दिवसांत कळलं असतं तर..." म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं.

पहिल्या दोन दिवसांतच कळलं होतं. पप्पांना.

खाली आल्यावर पप्पांच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसले. म्हटलं, "पप्पा, घाणेरी. तू घाणेरी म्हणत होतास."

वाटलं होतं, मान हलवतील. हसतील, मारतील, काहीतरी करतील. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं.

२१ मार्च, शुक्रवार

दोन्ही गाईंना कोळसा. एका गाईला दोन किलोच्या वर, बादल्यांतून. डॉक्टर नळी घालतात, मी मान धरते, आणि तिसरा हात कमी पडतो. रोजीने झटका दिला तेव्हा सगळी बादली माझ्या अंगावर.

तेवढ्यात दारात शकुमावशी उभी. हातात गोणपाटांची चळत. आत आली, काजलचं शिंग धरलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "घाला."

काम झाल्यावर आम्ही दोघींनी गोठ्याच्या खिडकीला, फटींना गोणपाटं लावली. आत काळोख झाला, तेव्हा ती बोलली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

"मी बघितलं होतं गं. मागच्या आठवड्यात, बुधवारी. तू वर बांधलेल्या. सांगायलाच आलेली."

"मी फोन घेतला."

"हां. मग मला राग आला. म्हटलं, मरू दे, मोठी शिकलेली आहे, कळेल तिचं तिला." मग म्हणाली, "गाय मरू दे असं नव्हतं मनात. तू शिकशील एवढंच."

"नंतर तरी सांगायचंस."

"नंतर लाज वाटली. रोज वाटायचं, आज सांगते. आणि एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगायला अजून जड जायचं."

रागवावं म्हटलं तरी अंगात राग सापडेना. म्हटलं, "चहा घेतेस?" ती म्हणाली, "मी करते, तू आंघोळ कर. भुतासारखी दिसतेयस."

२३ मार्च, रविवार

चर्चला गेले नाही.

काजलचं मूत चहाच्या रंगाचं. सकाळी तिने दोन काड्या तोंडात घेतल्या, मला इतका आनंद झाला, आणि मग त्या तशाच ओठांत राहिल्या. चावल्याच नाहीत. मी त्या काढून घेतल्या.

आता मी तिच्याकडे बघते तेव्हा सगळं दिसतं. कान लोंबलेत. डोळा आत गेलाय. पोटाच्या डाव्या बाजूला कान लावला तर गडगड ऐकू यायला पाहिजे, डॉक्टरांनी शिकवलंय. रोजीच्या पोटात मधूनच येते. काजलच्या पोटात काही नाही, जशी भिंत.

फोनमध्ये दहा तारखेचा तो फोटो आहे, शिंगात फुलं अडकलेला. मोठा करून बघितला. शेजारी ओट्यावर पप्पांचा हात आलाय फोटोत. पुसून टाकावा म्हटलं, टाकवला नाही.

पप्पा माझ्या हातून जेवत नाहीत. चमचा पुढे केला की ओठ मिटतात. शकुमावशी भरवते तेव्हा खातात. तिलाही माहीत होतं ते त्यांना ठाऊक नाही, आणि मी सांगणारही नाही.

२४ मार्च, सोमवार

काजल बसली. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, उठवायचा प्रयत्न करा, बसून राहिली तर पाय जातील. मी, शकुमावशी आणि बाजूच्या वाडीतले दोघे, पोटाखालून गोणपाट घालून चौघांनी उचललं. उभी राहिली, मोजून एक मिनिट, थरथरत. मग गुडघे दुमडून परत. तिने उठायचा प्रयत्न केला तो आमच्यासाठी केला असं वाटलं. तिला स्वतःला काही नको होतं.

२६ मार्च, बुधवार

काजल गेली. दुपारी सव्वाबाराला, चर्चची बाराची घंटा होऊन गेल्यावर.

अकराच्या सुमाराला डॉक्टर आल्या होत्या. सलाइन लावलं, मग स्वतःच काढलं. मी विचारलं, "आता काय करायचं?" त्या म्हणाल्या, "बसा तिच्याजवळ."

"आणि तुम्ही?"

"मी पण बसते."

पप्पांना आणावं की नाही कळेना. शकुमावशी म्हणाली, "आण. त्याची गाय आहे." खुर्ची गोठ्यात ठेवली. पप्पांनी डावा हात काजलच्या कपाळावर, शिंगांच्या मधोमध ठेवला आणि हळूहळू खाजवत राहिले. ती मान टाकून होती, पण तो हात लागल्यावर तिने एक मोठा श्वास सोडला. मला वाटलं बरी होतेय. पप्पांना कळलं होतं. मी "बघ, बघ" म्हणत होते आणि ते नुसते खाजवत होते.

तिचा श्वास थांबल्यावरही बराच वेळ खाजवत होते. मीही सांगितलं नाही.

मेल्यावर ती इतकी मोठी दिसली. गोठ्याच्या दारातून कशी बाहेर काढायची, यावर दीड तास गेला.

२७ मार्च, गुरुवार

आमच्याच खाचरात जेसीबीने खड्डा खणला. मीठ टाकलं. जेसीबीवाला भला माणूस, गाईला फावड्याने ढकललं नाही, पट्ट्यांनी उचलून हळू उतरवलं. शकुमावशीने हळदकुंकू वाहिलं. मी 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटली. गाईसाठी म्हणतात की नाही, माहीत नाही. दुसरं काही मला पाठ नाही.

२९ मार्च, शनिवार

शब्द: नाहीत. अकरा दिवसांत एकही नाही. 'नाय' पण नाही. थेरपिस्टना कळवलं. त्यांनी विचारलं, घरात काही झालं का? मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी पण म्हणाले होते ना, लक्ष देऊ नका." मी म्हटलं, "तुम्ही टेकडी बघितली नव्हती." फोन ठेवल्यावर वाटलं, मी तरी कुठे बघितली होती?

२ एप्रिल, बुधवार

रोजीच्या पाठीची कातडी सुटली. पावापेक्षा मोठा तुकडा, चामड्यासारखा वाळलेला, कडेने उचलला गेला आणि गळून पडला. खाली ओलं लाल मांस. माश्या बसू नयेत म्हणून दिवसातून चार वेळा मलम. ती हलत नाही, फक्त पाय आपटते.

पण काल तिने चारा खाल्ला. थोडाच, पण चावून. डाव्या कुशीला कान लावला, गडगड आहे.

डॉक्टरांना विचारलं, "वाचली ना?" त्या म्हणाल्या, "आज तरी आहे. लिव्हर किती उरलंय ते मला बाहेरून दिसत नाही. दोन महिन्यांनी कळेल, किंवा कधीतरी अचानक कळेल." मी चिडले. "तुम्हाला काहीच कसं सांगता येत नाही?" त्या म्हणाल्या, "येत असतं तर सांगितलं असतं. मला पण कंटाळा आलाय, 'बघू' म्हणायचा."

संध्याकाळी मलम लावत होते. गोठ्यात काळोख असतो, एका हातात टॉर्च, एका हातात मलम, कसरत चाललेली. टॉर्च घसरली. कोणीतरी उचलली. पप्पा दारातून भिंत धरत धरत आले होते. बादली उपडी घालून दिली, त्यावर बसले आणि डाव्या हाताने टॉर्च रोजीच्या पाठीवर धरली. जिथे माझं बोट जाई तिथे उजेड. त्यांना बोलता येत नाही, मला धीर झाला नाही. सगळी पाठ होईपर्यंत उजेड हलला नाही.

रात्री माझ्या हातून अर्धी वाटी पेज घेतली. मग ओठ मिटले. अर्धी तर अर्धी.

६ एप्रिल, रविवार

सकाळी कोयता आणि कुदळ घेऊन टेकडीवर गेले. टिकलीला आज ना उद्या चरायला बाहेर काढावंच लागेल आणि मी तिला आयुष्यभर राखणार नाही. निदान घरामागचा भाग तरी साफ करावा म्हटलं.

शकुमावशी खालून ओरडली, "नुसती कापू नको गं! कापलीस तर दुप्पट फुटते. मुळातून काढ." आणि स्वतःची कुदळ घेऊन वर आली. साठी उलटलीय तिची, माझ्या दोन पावलं पुढे.

मूळ म्हणजे मूठभर असेल असं मला वाटलं होतं. कोपराएवढं जाड, दगडांत घुसलेलं. एक झुडूप काढायला अर्धा तास. काटे बारीक, हातमोज्यातून लागतात. फांद्या खाली आणून ढीग केला, वाळल्यावर जाळायच्या, कारण सुकलेली पानंही विषारीच असतात. नऊ वाजता ऊन चढलं. अकरापर्यंत सात झुडपं. शकुमावशीने एक मधलीच फांदी उचलून दाखवली. हिरव्या फळांमध्ये काळी पिकलेली. "ही पाखरं खातात आणि सगळीकडे टाकतात. जॉनीदादा दर वर्षी पावसानंतर एवढा भाग काढायचा. एकटाच. परवाच्या वर्षी पण काढला होता."

मला हे माहीत नव्हतं. पावसानंतर मी अंधेरीला असते. दिवाळीला येते तेव्हा टेकडी छान मोकळी दिसायची, मला वाटायचं ती तशीच असते.

"म्हणजे ही सगळी गेल्या पावसानंतरची?" मी विचारलं.

"नाय तर काय. जुनी मुळं राहिलेली असतात. या खेपेला त्याच्याच्याने झालं नसेल. दिवाळीपासून दमायचाच तो. बोलला नाय कोणाला."

दुपारी थांबलो. एका खाटेएवढी जागा मोकळी झाली होती, लाल माती, मुळांचे खड्डे. मी कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि पहिल्यांदा वरपर्यंत बघितलं. आमच्या कुंपणापासून माथ्यापर्यंत, माथ्यावरून पलीकडे समुद्राच्या अंगाला, जिथवर नजर जाईल तिथवर तीच. सगळीकडे फुलं. पिवळी, गुलाबी. फुलपाखरं होती. वाऱ्यावर वास येत होता.

शकुमावशी म्हणाली, "चल, जेवून घेऊ."

खाली ओट्यावर पप्पा टेकडीकडे तोंड करून बसले होते. केव्हापासून, कोण जाणे. मी त्यांच्या पायाशी बसले, काटे लागलेला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, आणि डाव्या हाताच्या नखांनी एकेक काटा काढायला लागले. एका हाताने जमत नव्हतं. निम्मे तुटून आतच राहिले.